दिल्ली ते दौलताबाद : फसलेल्या योजनेचे फळ

मराठीत कुणाचा लहरी कारभार दाखवायचा असला की आपण सहज 'तुघलकी कारभार' म्हणतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा शब्द येतो, सभेतल्या भाषणात येतो आणि घरातल्या वादातही येतो. ज्याच्या नावावरून तो आला, त्या सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दख्खनमध्ये देवगिरीला हलवण्याचा हुकूम काढला आणि देवगिरीचे नाव दौलताबाद ठेवले. आठ-दहा वर्षांत लोकांना दिल्लीला परतण्याची मोकळीक द्यावी लागली. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथेच संपते. सुलतान विद्वान होता, पण योजना फसली, एवढे पाठ केले की परीक्षेत गुण मिळतात.

दौलताबाद मात्र औरंगाबादपासून (आताचे छत्रपती संभाजीनगर) जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. तिथून घाट चढून गेले की खुलदाबाद लागते. हा सगळा रस्ता एका दिवसात निवांत पाहून होतो. मुलांच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे मिळून तो पाहिला. तेव्हा पुस्तकात जिथे गोष्ट संपते, तिथूनच ती पुढे सुरू झाल्याचे पावलोपावली दिसले.

किल्ला दुरूनच दिसतो. सपाट रानात एकच डोंगर उभा आहे आणि त्याच्या कडा खालच्या बाजूने ताशीव भिंतीसारख्या सरळ कापलेल्या आहेत. यादवांच्या काळात हा खडक तासला गेला. डोंगराभोवती खडकातच खोदलेला खंदक आहे आणि त्याच्या बाहेर एकात एक तटबंद्या आहेत : अंबरकोट, महाकोट, काळाकोट. दरवाजांवर हत्तीला धडक मारता येऊ नये म्हणून लोखंडी खिळे ठोकले आहेत. खंदक ओलांडला की 'अंधारी' लागते. हा खडकातला काळोखी, वळणावळणाचा जिना आहे. त्यात शत्रू शिरला तर त्याला आपला माणूस आणि परका माणूस यांतला फरक कळू नये, अशी सोय होती. मुले तिथे एकमेकांना हाका मारत होती आणि वटवाघळांचा वास नाकात भरत होता.

वर चढताना मुलांनी डब्याची घाई केली, तेव्हा खालाजान म्हणाल्या, "अभी नक्को बेटा, नीचेइच बैठके खाएंगे." हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या घरात रोज ऐकू येते. त्यातला 'नक्को' आणि 'इच' कुठून आले, हे पुढे येईलच.

एका मुलीने विचारले, "अब्बा, सुलतान वेडा होता का?"

या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यावरून चहूकडे पाहताना देणे सोपे जाते. तो वेडा नव्हता. त्याच्या योजनेमागचा हिशेब सरळ होता. त्याच्या वडिलांच्या आणि त्याच्या काळात दिल्लीची सत्ता वरंगळ आणि मदुराईपर्यंत पोहोचली होती. दिल्ली त्या नकाशाच्या वरच्या टोकाला पडत होती. दख्खनमध्ये बंड झाले तर दिल्लीहून फौज येईपर्यंत महिने जात. देवगिरी राज्याच्या मध्यावर होते, किल्ला अभेद्य होता आणि मुलूख सुपीक होता. त्याच्या आधी १२९६ साली अलाउद्दीन खिलजी इथे आला होता. त्याने रामचंद्रदेव यादवाकडून अमाप संपत्ती घेतली आणि तो परत गेला. १३१८ साली देवगिरी दिल्लीच्या राज्यात सामील झाले खरे, पण राज्य म्हणजे किल्ल्यात बसलेली फौज एवढेच होते. तुघलकाच्या लक्षात आले की फौज ठेवून मुलूख आपला होत नाही. तिथे माणसे राहायला हवीत. उलेमा, सूफी, अमीर, कारागीर, त्यांची बायका-मुले, त्यांचे मदरसे आणि दुकाने तिथे हवीत.

विचार बरोबर होता. खोट होती ती तो अमलात आणण्याच्या रीतीत.

पहिली खोट म्हणजे जबरदस्ती. ज्यांच्या पिढ्या दिल्लीत गेल्या, ज्यांच्या बुजुर्गांच्या कबरी तिथे होत्या, त्यांना मर्जी न विचारता निघायला सांगितले. दुसरी खोट अंतराची. दिल्ली ते दौलताबाद वाट हजार किलोमीटरहून लांब आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने ती चाळीस दिवसांची सांगितली आहे. रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावलेली होती आणि टप्प्याटप्प्यावर मुक्कामाची सोय होती, असेही तो लिहितो. पण सावली आणि सराई असली तरी म्हातारी माणसे आणि तान्ही मुले यांना चाळीस दिवसांची वाट झेपत नाही. तिसरी खोट सर्वांत मोठी. दख्खन सांभाळताना वायव्येची सीमा दूर पडली, आणि त्या काळी मंगोलांच्या स्वाऱ्या तिकडूनच येत होत्या. दौलताबादहून मदुराई जवळ आली, पण पंजाब लांब गेला.

या हिजरतीचे सर्वांत कडवट वर्णन इसामी या कवीने केले आहे. हुकूम निघाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याचे आजोबा नव्वदीचे होते. त्यांनाही निघावे लागले आणि दिल्लीजवळच तिलपत इथे, पहिल्याच मुक्कामी, त्यांचा इंतकाल झाला. इसामीने सुलतानाला कधी माफ केले नाही. इतिहासकार जियाउद्दीन बरनी तर लिहितो की दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही. इब्न बतूताने एका आंधळ्याची आणि एका अपंगाची गोष्ट सांगितली आहे. आंधळ्याला दिल्लीहून दौलताबादपर्यंत फरफटत नेले आणि शेवटी त्याचा फक्त पाय पोहोचला, अशी ती गोष्ट आहे. मात्र इब्न बतूता दिल्लीत आला १३३४ साली, म्हणजे घटनेनंतर सात वर्षांनी. त्याने ते पाहिले नव्हते, ऐकले होते. दिल्ली पूर्ण ओस पडली नव्हती, हे आता अनेक इतिहासकार मान्य करतात. दिल्ली परिसरात १३२७ आणि १३२८ सालचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. त्यांतून शहरात व्यापारी कुटुंबे नांदत असल्याचे दिसते. त्याच काळातली नाणी दोन्ही शहरांच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. म्हणजे सुलतानाने मुख्यतः राज्य चालवणारा, शिकलेला आणि धर्माचे काम करणारा वर्ग हलवला. त्या वर्गाने झालेला त्रास लिहून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला.

किल्ल्याच्या खाली एक जुनी मशीद आहे. खिलजी सुलतान कुतबुद्दीन मुबारक याच्या काळात, १३१८ साली ती बांधली गेली. आत शंभराहून अधिक दगडी खांब आहेत. आज ती इमारत भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. इथेच १३४७ साली सुलतानाची योजना त्याच्या हातून कायमची निसटली. दख्खनमधल्या अमिरांनी बंड केले आणि ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन गंगू याला अलाउद्दीन बहमन शाह या नावाने तख्तावर बसवले. बहमनी राज्य सुरू झाले. दख्खन ताब्यात राहावा म्हणून जी माणसे आणली, त्याच माणसांनी दख्खन दिल्लीपासून वेगळा केला. राजधानी आणल्यापासून अवघ्या वीस वर्षांत हे घडले. सुलतानाच्या बाजूने पाहिले तर याहून मोठे अपयश कोणते?

पण हीच गोष्ट दौलताबादेत उभे राहून पाहिली तर वेगळी दिसते. बंड यशस्वी झाले, कारण बंड करणाऱ्यांना परत दिल्लीला जायचेच नव्हते. त्यांची मुले इथे जन्मली होती. त्यांच्या वडिलांच्या कबरी इथे झाल्या होत्या. दख्खनमध्ये घर करणारी माणसे हवीत, हा तर योजनेचा मूळ हेतू होता. तो पुरा झाला, फक्त सुलतानाच्या कामी आला नाही. बहमनी राज्य पावणेदोनशे वर्षे चालले. त्यातून अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बीदर आणि वऱ्हाड ही पाच राज्ये निघाली. आपल्या महाराष्ट्राचा मध्ययुगीन इतिहास या राज्यांशिवाय सांगताच येत नाही. किल्ल्यातला उंच चांद मिनार बहमनींनीच पंधराव्या शतकात उभा केला. दिल्लीतल्या कुतुबमिनारची आठवण करून देणारा हा मिनार दिल्लीशी नाते तोडलेल्यांनी बांधला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि तो इसामी? सुलतानाचा सर्वांत कडक टीकाकार. त्याने आपला 'फुतूहुस्सलातीन' हा हजारो शेरांचा फारसी ग्रंथ १३५० च्या सुमारास पुरा केला तो इथेच, दख्खनमध्ये, बहमन शाहच्या आश्रयाने. योजनेला शिव्या देणारा ग्रंथही त्या योजनेच्या मातीतच उगवला.

किल्ल्यावरून निघून खुलदाबादच्या रस्त्याला लागलो की थोड्याच अंतरावर कागजीपुरा हे छोटे गाव आहे. नावातच गावाचा धंदा आहे. दिल्लीहून राजधानी आली तेव्हा तिच्यासोबत कागद करणारे कारागीर आले आणि इथे वसले, असे इथे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. राजधानी म्हटली की फर्माने आली, हिशेब आले, मदरसे आले, मग कागद लागणारच. चिंध्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात कालवायचा, चौकटीवर धरायचा, पाणी निथळू द्यायचे आणि ओला ताव भिंतीवर किंवा फळीवर वाळवायचा, अशी ही हातकागदाची रीत. राजधानी गेली, फर्माने गेली, पण गावाचे नाव आणि हुन्नर राहिला. ज्याला आपण मराठीत 'कागद' म्हणतो, तो शब्दही फारसीतून इकडे आला आहे.

पुढे खुलदाबाद. गावाचे जुने नाव रौजा. इथे आल्यावर योजनेचा सर्वांत खोल परिणाम कळतो. हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचा १३२५ साली दिल्लीत विसाल झाला. त्यानंतर दोन वर्षांत राजधानी हलवण्याचा हुकूम निघाला आणि त्यांचे अनेक मुरीद दख्खनला आले. त्यांत हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) होते. १३३७ साली ते इथेच दफन झाले. त्यांच्या मुरिदांपैकी काशानी घराण्यातल्या भावंडांनी त्यांची वचने लिहून ठेवली. 'नफाइसुल अनफास' आणि 'अहसनुल अकवाल' ही त्यातलीच. उजाड जागी येऊन दहा वर्षांच्या आत त्या वस्तीने स्वतःची किताबे तयार केली.

हजरत अमीर हसन सिजझी यांची कबरही इथेच आहे. निजामुद्दीन औलियांची वचने 'फवाइदुल फुवाद' या ग्रंथात जतन केली ती यांनी. अमीर खुसरो आणि हसन जिवलग मित्र, दोघे कवी, दोघे एकाच पीराचे मुरीद. खुसरो दिल्लीत पीराच्या पायथ्याशी आहेत आणि हसन हजार किलोमीटर दूर सह्याद्रीच्या माळावर. एका हुकुमाने मित्रांच्या कबरींमध्ये एवढे अंतर पडले. कबरीपाशी फातिहा पढताना आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प होतो.

खुलदाबादेत आणखी एक कबर आहे ती सय्यद यूसुफ हुसैनी, म्हणजे हजरत राजू कत्ताल (रह.) यांची. तेही दिल्लीहून आले. सोबत त्यांचा लहान मुलगा होता. वडील गेल्यावर तो आईबरोबर दिल्लीला परतला. परतण्याची मोकळीक मिळाल्यावर गेलेल्या अनेकांपैकी तो एक. पण १४०० च्या सुमारास, म्हातारपणी, तो स्वतःच्या मर्जीने पुन्हा दख्खनला आला आणि गुलबर्ग्याला राहिला. हेच हजरत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (रह.). पहिल्या वेळी हुकुमाने आले, दुसऱ्या वेळी मर्जीने. जबरदस्तीने उघडलेल्या वाटेवरून पुढे माणसे आपखुशीने येऊ लागली, हे एवढ्या एका आयुष्यावरून कळते.

हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांच्या दर्गाहच्या आवारात बादशहा औरंगजेबाची साधी, उघड्यावरची कबर आहे. १७०७ साली अहमदनगरला त्याचा इंतकाल झाला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणले. दिल्लीच्या एका सुलतानाने ज्या बुजुर्गांना इथे पाठवले, त्यांच्या शेजारी जागा मिळावी असे दिल्लीच्या दुसऱ्या बादशहाला वाटले. मधे पावणेचारशे वर्षे गेली होती.

आता खालाजानच्या वाक्याकडे येऊ. दिल्लीच्या आसपासची बोली घेऊन ही माणसे आली आणि मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या लोकांमध्ये राहिली. बाजारात भाजी घ्यायची, शेजारणीशी बोलायचे, गड्याला काम सांगायचे, तर इथली भाषा लागणारच. हळूहळू दखनी तयार झाली. मराठीतला 'नको' तिच्यात 'नक्को' झाला. 'मीच', 'इथेच' यातला आपला 'च' तिच्यात 'मैंइच', 'यहींइच' असा राहिला. सूफींनी जात्यावर दळताना म्हणायची 'चक्कीनामा' गीते याच बोलीत रचली. मराठी घरात जात्यावर ओवी होती आणि शेजारच्या मुसलमान घरात चक्कीनामा. पुढे गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा याने याच भाषेत शायरी केली. वली दखनी हा शायर १७०० साली दिल्लीला गेला आणि काही वर्षांनी त्याचा दीवान दिल्लीत पोहोचला. फारसीत लिहिणाऱ्या दिल्लीच्या शायरांना आपल्या बोलीतही एवढी सुंदर गझल होते हे तेव्हा उमगले. दिल्लीहून निघालेली बोली पावणेचारशे वर्षांनी शायरी होऊन दिल्लीला परत गेली. असे काही घडेल, हे कुठल्याही फर्मानात लिहिलेले नव्हते.

संध्याकाळी आम्ही शहरात परतलो आणि नान-खलिया खाल्ला. औरंगाबादेत लग्नाकार्यात हा असतोच. तंदूरमधली जाडसर, वरून पिवळसर चकाकणारी नान आणि तर्री आलेला मटणाचा खलिया. हा पदार्थ तुघलकाच्या फौजेबरोबर आला, मोठ्या जमावाला पटकन जेवू घालता यावे म्हणून तो असा झाला, असे शहरात सांगतात. सूत आणि रेशीम मिळून विणल्या जाणाऱ्या इथल्या हिमरूबद्दलही तेच सांगतात की त्याचे विणकर त्या काफिल्याबरोबर आले. कागद, कापड, नान आणि भाषा, या चारही गोष्टींसाठी शहर एकाच सालाकडे बोट दाखवते. ज्या योजनेला सारा देश फसलेली म्हणतो, तिची आठवण इथे जेवणाच्या दस्तरख्वानवर आहे.

मग योजना यशस्वी झाली म्हणायची का? आम्ही जेवताना यावर बराच वेळ बोललो. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की शेवट गोड तर सगळे गोड. पण तिलपतला वाटेतच गेलेल्या त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला आपण हे सांगू शकत नाही. त्याच्यासाठी योजना तिथेच संपली होती. सातशे वर्षांनंतर चांगले फळ दिसते म्हणून माणसांना न विचारता उपटून काढणे बरोबर ठरत नाही. आजही धरणासाठी, रस्त्यासाठी गावे उठवताना असेच सांगितले जाते की पुढे चांगलेच होईल. पुढे चांगले होतेही कधीकधी. पण ते कोण करते, हे पाहायला हवे.

दौलताबादेत ते सुलतानाने केले नाही. त्याचा हुकूम जितका कठोर होता, तितकाच अल्पायुषी ठरला. ज्यांना नाइलाजाने यावे लागले, त्यांनी ते केले. खानकाह उघडणारे, कागदाचा लगदा कालवणारे, शेजारणीकडून 'नको' शिकणारी बाई, वडिलांची कबर इथे आहे म्हणून न परतणारा मुलगा, या सगळ्यांनी. योजनेच्या खोटी त्यांनी रोजच्या जगण्याने भरून काढल्या, आणि बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. यश मोजायचे तर ते त्यांच्या नावावर मांडावे, सुलतानाच्या नाही.

मुलांना घेऊन जाणार असाल तर किल्ला सकाळी लवकर चढा, ऊन वाढले की खडक तापतो. अंधारीसाठी विजेरी सोबत ठेवा. खुलदाबादेत घाई करू नका. आणि परतल्यावर घरातल्या बुजुर्गांना विचारा की आपल्या घरात बोलले जाणारे कोणते शब्द, केले जाणारे कोणते पदार्थ कुठून आले. उत्तर लिहून ठेवा, शक्यतो कागदावर.